संडास किती हवेत? आधी ब्रश कोणाच्या हातात, ते सांगा

मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघा भावांनी मंगरूळपीरचं जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरवलं. मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत, धाकटा आखातात. कुटुंबात माणसं दहा: अब्बा, अम्मी, आम्ही दोघे, आमच्या बायका आणि चार मुलं. पण वर्षभर त्या घरात राहणार पाचच जण. अब्बा, अम्मी, धाकट्याची बायको आणि तिची दोन मुलं. आम्ही बाकीचे ईदला आणि लग्नसराईला येणार.

नकाशा आला. चार बेडरूम, चारही अटॅच्ड. बैठकीजवळ पाहुण्यांसाठी एक कॉमन. आणि अंगणाच्या कोपऱ्यात एक, कामवाली बाई आणि मजुरांसाठी. एकूण सहा. मी नकाशा मोबाइलवर पाहिला, टाइल्सचा रंग सुचवला आणि ओके कळवलं.

अम्मीने तो कागद हातात घेतला. तिला नकाशा वाचता येत नाही, म्हणून मी बोटाने एकेक खोली दाखवली. ती मोजत गेली आणि म्हणाली, "पाँच जने, छे पायखाने. धोयेंगा कौन?"

मी हसून म्हटलं, बाई लावू. ती हसली नाही.

मी इंजिनिअर आहे. रोज लोकांना विचारतो की हे फीचर वापरणार कोण, सांभाळणार कोण. माझ्या स्वतःच्या घराच्या नकाशाला हा प्रश्न अम्मीने विचारला, मी नाही. आज जे लिहितोय ते माझ्यासारख्यांविरुद्ध आहे. शिकलेली, पगारदार, गावात दुमजली घर बांधणारी आपली पिढी संडास मोजते बेडरूमवरून. ते मोजायचे असतात वापरणाऱ्या माणसांवरून आणि धुणाऱ्या हातांवरून. हा हिशेब लावला, तर आपल्यापैकी बहुतेकांच्या नकाशातले निम्मे संडास गळून पडतात.

दादीचा पाण्याचा पेला

आमची दादी तालुक्यातल्या एका खेड्यात राहायची. तिथे संडास नव्हता, गोदरी होती. पर्दा करणाऱ्या बाईला गोदरीला जायच्या वेळा दोनच: फज्रच्या अजानीआधी, नाहीतर मगरिबनंतर. मधल्या बारा तासांत पोट दुखलं तर दुखू द्यायचं. म्हणून दादी दुपारनंतर पाणी प्यायची नाही. उन्हाळ्यात, वऱ्हाडातल्या ४४ अंशांतही नाही. तिला मुतखड्याचा त्रास होता आणि डॉक्टर प्रत्येक वेळी एकच सांगायचे, पाणी भरपूर प्या. ती मान डोलवायची आणि घरी येऊन पेला उपडा ठेवायची. तिने ते पाणी का घेतलं नाही, हे आम्हा नातवांना ती गेल्यावर समजलं.

मंगरूळपीरच्या आमच्या जुन्या घरात संडास होता. अकरा माणसांना एक, परसात. पत्र्याचं दार, आत दिवा नाही, कोपऱ्यात बधना. सकाळी रांग लागायची. आधी अब्बा, मग चाचा, मग शाळेत जाणारे आम्ही मुलगे, मग मुली आणि सगळ्यांत शेवटी अम्मी आणि चाची. त्या दोघी तोवर चहा, नाश्ता, डबे उरकत. त्यांना घाई नसते, असं आम्ही धरून चाललो होतो. बायकांना घाई नसते, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं आणि तरी सगळ्यांना पक्कं माहीत होतं.

त्या घराला दुसरा संडास खरोखर हवा होता आणि तो कधी झाला नाही. त्या काळात घरावर एक मजला चढला, बैठकीत फरशी बसली, मोटारसायकल आली. पैसा अगदीच नव्हता असं नाही. रांगेत शेवटी उभं राहणाऱ्यांना खर्च कशावर करायचा हे विचारलं जात नव्हतं.

सरकारचा आकडा: एक

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या साधारण ५३ टक्के घरांच्या आवारात संडास होता. उरलेली घरं सार्वजनिक संडासात किंवा उघड्यावर जात होती. २ ऑक्टोबर २०१४ला स्वच्छ भारत अभियान सुरू झालं. गावातल्या पात्र कुटुंबाला एका संडासासाठी १२,००० रुपये मिळू लागले. एप्रिल २०१८मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचं राज्य सरकारने जाहीर केलं आणि २ ऑक्टोबर २०१९ला सगळ्या ग्रामीण भारताबद्दल तीच घोषणा झाली. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मात्र देशातली १९ टक्के कुटुंबं अजून कुठलाच संडास वापरत नसल्याची नोंद आहे.

तरीही काम झालं, हे नाकारणार नाही. आमच्या जिल्ह्यात मी ते डोळ्यांनी पाहिलं. ज्या रस्त्यांवरून नाक दाबून जायचो, ते रस्ते बदलले. पण ते कसं झालं तेही पाहिलं. पहाटे 'गुड मॉर्निंग पथक' शिट्ट्या वाजवत यायचं, टमरेल जप्त करायचं, फोटो काढायचं. ज्यांच्या घरी बांधायला जागा नव्हती त्यांचेही फोटो निघाले.

२०१५ सालची आपल्याच वाशीम जिल्ह्यातली बातमी काहींना आठवत असेल. सायखेडा गावातल्या एका महिलेने मंगळसूत्र आणि अंगावरचे दागिने विकून घरी संडास बांधला. तेव्हाच्या ग्रामविकास मंत्री पंकजा मुंडे यांनी तिचा सत्कार केला. बातमी देशभर गेली, लोकांनी कौतुक केलं. मला त्या बातमीत दुसरंच दिसत राहतं. घरात ज्या माणसाला संडासाची निकड सगळ्यांत जास्त, त्याच माणसाच्या अंगावरून त्याचा पैसा निघाला. आपल्या घरांत मंगळसूत्र नसेल, काळी पोत असते, चांदीचे तोडे असतात, मेहरचं सोनं असतं. ते कधी विकलं जातं, याचा विचार करून पाहा.

सरकारने मोजलं 'कुटुंबामागे एक'. कुटुंब चार जणांचं की चौदांचं, घरात लकवा झालेला म्हातारा आहे की बाळंतीण, हे त्या आकड्यात नाही. आत पाणी आहे का, दाराला आतून कडी लागते का, हेही नाही. वर्षानुवर्षं लाकूडफाटा ठेवलेले असे कितीतरी 'लाभार्थी' संडास मी पाहिलेत. कागदावर आहे आणि वापरात नाही, असा संडास शून्यच धरावा लागतो.

आपला आकडा: सहा

सरकारने कमी मोजलं, आपण जास्त मोजतोय. दोन्ही चुका एकाच जागी होतात. वापरणाऱ्याला विचारलेलं नसतं.

आता थोडं गणित. ईदच्या दिवशी आमच्या घरात दहा माणसं असतात. एकाला संडासात सरासरी आठ मिनिटं धरा. दहा जणांची ८० मिनिटं झाली. सकाळी सहा ते आठ हा दोन तासांचा वेळ पाहिला, तर हिशेबाने एकही पुरतो. पण माणसं हिशेबाने येत नाहीत. साडेसहा ते सात या अर्ध्या तासात सहा जणांना एकदम जायचं असतं. सहा गुणिले आठ, ४८ मिनिटं. अर्ध्या तासात मावत नाहीत, भांडण होतं, आणि मागे राहतात त्या बायका. संडास दोन असतील तर तेच काम २४ मिनिटांत होतं. म्हणजे दुसऱ्या संडासाने घर खरोखर बदलतं. तिसऱ्याने आठ मिनिटं वाचतात. चौथा, पाचवा आणि सहावा रिकामे राहून धूळ खातात आणि तरी धुवावे लागतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. अटॅच्डमध्ये संडास आणि न्हाणी एकाच दाराआड असतात. एक जण पंधरा मिनिटं अंघोळ करतो, तेवढा वेळ संडास अडकलेला. दहा जणांचे प्रत्येकी २३ मिनिटं धरले तर २३० मिनिटं होतात. दोन अटॅच्डमध्ये वाटले तर दोन्ही जवळजवळ दोन तास भरलेले. तेच दोन संडास आणि दोन न्हाण्या वेगळ्या दारांच्या केल्या, तर संडास ४० मिनिटांत मोकळे होतात आणि न्हाण्या सव्वा तासात. आपल्या जुन्या घरांत मोरी वेगळी आणि पायखाना वेगळा असायचा. आपण त्याला मागासलेपण समजून सोडून दिलं. ती रचना चांगली होती. वाईट होता तो अंधार, पत्रा आणि दूरचं परस.

तिसरी गोष्ट पाणी. जलजीवन मिशनने गावांसाठी माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलंय. पाच माणसांचे २७५ लिटर. जुन्या पद्धतीची फ्लशची टाकी एका वेळी दहा लिटर ओतते. पाच माणसं दिवसातून पाच-पाच वेळा गेली तर २५० लिटर. म्हणजे घराचं जवळपास सगळं पाणी संडासात. अर्धा-पूर्ण अशी दोन बटणांची टाकी बसवली तर खर्च निम्म्याहून खाली येतो. आणि तीव्र उताराचं ग्रामीण पॅन बसवलं तर दोन लिटरच्या मगात काम होतं, तेव्हा २५० च्या जागी ५० लिटर. वाशीम जिल्ह्यात उन्हाळ्यात नळ किती दिवसांनी येतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. वाहत्या नदीवर वुजू करतानासुद्धा पाणी वाया घालवू नये, हे आपण सगळे लहानपणी मकतबमध्ये शिकलो. ते फक्त वुजूपुरतं होतं का?

मग किती हवेत? माझं उत्तर असं. सहापर्यंत माणसं असतील तर एक संडास आणि एक न्हाणी, वेगवेगळ्या दारांच्या. सहाच्या वर गेली, किंवा घरात म्हातारं, आजारी, अपंग माणूस असेल, तर दोन आणि दोन. दोनपैकी एक संडास कमोडचा, तळमजल्यावर, बाजूला धरायला लोखंडी दांडा. पंधरा माणसांचं एकत्र कुटुंब असेल तर तिसरा. पण आपल्या भावाभावांच्या चुली किती एकत्र राहिल्यात ते तुम्हालाच माहीत. याच्या पुढे आहे ती हौस. हौस करायला माझी ना नाही, फक्त तिला गरज म्हणू नका.

"पण पर्द्याचं काय?"

हा आक्षेप मला माझ्या वहिनीने घेतला आणि तो खरा आहे. नव्या सुनेला पहाटे गुसल करायचा असतो. एकच न्हाणी, तीही बैठकीच्या पलीकडे, जिथे सासरे तस्बीह घेऊन बसलेले. पाण्याचा आवाज झाला की अख्ख्या घराला समजतं. याची लाज वाटून कितीतरी मुली पहाटेची नमाज कजा करतात आणि दुपारी गर्दी पांगल्यावर अंघोळ करतात. पाळीच्या दिवसांतही तेच. कापड कुठे वाळवायचं, पॅड कुठे टाकायचं, सगळं चोरून.

या मुली अटॅच्ड मागतात तेव्हा त्या श्रीमंती मागत नाहीत, खासगीपणा मागतात. तो द्यायलाच हवा. पण त्यासाठी प्रत्येक खोलीला एक जोडायची गरज नाही. दुसरी न्हाणी बायका झोपतात त्या बाजूला काढा. तिचं दार बैठकीसमोर उघडू देऊ नका. आत झाकणाचा डबा ठेवा, कपडे वाळवायला उन्हाची खिडकी द्या, आतून घट्ट लागणारी कडी बसवा. हे सगळं करूनही खर्च एका अटॅच्डपेक्षा कमी येतो.

आणि एक कडू प्रश्न. घरातल्या सुनेने पहाटे अंघोळ केली हे सासऱ्याला, दिराला समजलं, तर शरम तिने का बाळगायची? निकाह तुम्हीच लावून दिलात ना? भिंत बांधणं सोपं आहे. नजर खाली ठेवायला घरातल्या पुरुषांना शिकवणं अवघड, म्हणून आपण भिंत बांधतो.

मोठ्या संकटात निर्वासितांच्या छावण्यांसाठी जगभर 'स्फिअर' नावाची मानकं वापरतात. त्यात वीस माणसांमागे किमान एक संडास सांगितलाय, आणि सार्वजनिक ठिकाणी पुरुषांच्या एका संडासामागे बायकांचे तीन. बायकांना वेळ जास्त लागतो, मुलं त्यांच्यासोबत असतात, पाळी असते, हे छावणी उभारणाऱ्यांना समजलंय. आपल्या घरातली रांग मात्र अजून अब्बांपासून सुरू होते.

धुणार कोण?

आता अम्मीच्या प्रश्नाकडे येतो.

पाकीबद्दल आपण पहाटेपासून रात्रीपर्यंत बोलतो. कपड्यावर थेंब पडला तर नमाज होईल का, यावर तासभर चर्चा करू. पण ज्या जागेत आपण पाक होतो ती जागा कोण पाक करतं? माझ्या ओळखीतल्या दहा घरांत विचारलं. नऊ घरांत आई, बहीण, बायको किंवा बाई. एका घरात मुलगा धुतो, कारण तो हॉस्टेलमध्ये शिकला आणि त्याची आई आजारी असते. पुण्यात फ्लॅटवर एकटा होतो तेव्हा मीही धुवायचो. लग्नानंतर ब्रश माझ्या हातातून कधी गेला ते मला आठवत नाही. बायकोला महिना आणि तारीख आठवते.

'बाई लावू' हे आपलं उत्तर असतं. ती बाई कोण, हेही बोलू. आपण सभांमध्ये म्हणतो, इस्लाममध्ये जात नाही. खरंय, धर्मात नाही. मोहल्ल्यात आहे. हलालखोर, मेहतर ही नावं आपल्याच माणसांची आहेत. पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांची घाण उचलणारी, आपल्यासोबत एका सफमध्ये उभी राहणारी आणि आपल्या लग्नाच्या यादीत नसणारी माणसं. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६मध्ये शिखांना आणि १९९०मध्ये बौद्धांना तो मिळाला. तेच काम करणाऱ्या मुसलमानाला आजही नाही. या अन्यायावर आपण निवेदनं देतो, द्यायलाच हवीत. पण माझ्या नकाशातला तो सहावा संडास पाहा: 'कामवाली बाई आणि मजुरांसाठी'. जी बाई आमचे पाचही संडास धुणार होती, तिला त्यांतला एकही वापरायला मिळणार नव्हता. सरकारला जाब विचारायच्या आधी हा कागद मला फाडावा लागला.

संडास वाढले की टाकी मोठी होते. सेप्टिक टँक काही वर्षांनी उपसावी लागते. आत विषारी वायू साठतो, आणि उतरलेला माणूस मिनिटांत बेशुद्ध पडतो. २०१३च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा आहे. गटारात आणि टाकीत मेलेल्यांच्या घरच्यांना १० लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये सांगितलं. २०२३मध्ये ही रक्कम ३० लाख केली. माणसं अजून मरतात म्हणून रक्कम वाढवावी लागली. आपल्या घराची टाकी भरल्यावर कोणाला फोन जाणार आणि तो कसा उतरणार, हे नकाशा पास करताना आपण विचारतो का?

याला पर्याय आहे आणि तो स्वस्त आहे: दोन शोषखड्ड्यांचा संडास. एक खड्डा भरला की वळण बदलून दुसरा सुरू करायचा. बंद खड्ड्यातल्या मैल्याचं वर्ष-दीड वर्षात कोरडं, वास नसलेलं खत होतं. आपल्याकडची काळी माती पाणी लवकर शोषत नाही, म्हणून खड्ड्यांभोवती वाळू-मुरमाचा जाड थर द्यावा लागतो आणि विहीर-बोअरपासून अंतर राखावं लागतं. मिस्त्रीला हे सांगावं लागतं, तो आपणहून करत नाही. लोक असे खड्डे टाळतात, कारण ते कधीतरी उपसावे लागतील ही कल्पनाच त्यांना सोसत नाही. २०१७मध्ये केंद्राच्या स्वच्छता विभागाचे सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत स्वतः अशा खड्ड्यात उतरले आणि त्यांनी खत बाहेर काढलं. आपल्या महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी आधी, १९३२मध्ये, रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम मला करू द्या म्हणून उपोषण केलं होतं. आणि आपल्याच वऱ्हाडात गाडगेबाबा ज्या गावात जात त्या गावाचे रस्ते आधी झाडत, मग बोलत. त्या मानाने स्वतःच्या घराचा संडास आठवड्यातून दोनदा घासणं ही काय मोठी कुर्बानी आहे?

शेजाऱ्याचा संडास

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा.

संशोधकांना भारतातली एक गोष्ट बरीच वर्षं कोड्यात टाकत होती. मुसलमान सरासरीने गरीब, शिक्षणात मागे. तरी मुसलमान बाळांचा मृत्युदर हिंदू बाळांपेक्षा कमी. मायकल गेरुसो आणि डीन स्पिअर्स या दोघांनी २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यामागचं मोठं कारण संडास असल्याचं दाखवलं. मुसलमान कुटुंबं उघड्यावर कमी जातात. पण अभ्यासाचं खरं सार पुढे आहे. बाळ वाचतं ते फक्त स्वतःच्या घरातल्या संडासाने नाही, शेजाऱ्यांच्या संडासाने. ज्या वस्तीत बहुतेकांकडे संडास, तिथलं बाळ वाचतं, मग ते कोणत्याही धर्माचं असो.

हे वाचून कॉलर ताठ करू नका. याचा अर्थ असा की माझ्या घरात सहा संडास असले आणि मागच्या गल्लीतल्या विधवा खालाच्या घरात एकही नसला, तर माझ्या मुलाच्या पोटातले जंत माझ्या टाइल्स पाहून परत जाणार नाहीत. माशी नकाशा पाहत नाही. माझ्या सहाव्या संडासाचा आरोग्याला फायदा शून्य. तोच पैसा खालाच्या पहिल्या संडासात गेला, तर अख्ख्या गल्लीला फायदा.

आमच्या मोहल्ल्यातल्या मस्जिदीचं नूतनीकरण झालं. पुरुषांसाठी नळांची लांब रांग, मुताऱ्या, संडास, गरम पाणी. सगळं चंद्यातून, आणि चंदा बायकांनीही दिला. आठवडी बाजारच्या दिवशी खेड्यांतून आलेल्या बायका, आपल्याही आणि इतरांच्याही, दिवसभर पाणी न पिता उन्हात बसतात. मस्जिदीच्या मागच्या बाजूला त्यांच्यासाठी दोन संडास काढा, असं मी कमिटीतल्या एका ओळखीच्याला म्हटलं. तो म्हणाला, "देखेंगे." दोन वर्षं झाली.

रमजानमध्ये आपण रेशनचे किट वाटतो, फोटो टाकतो. जकात कशी द्यायची हे जाणकारांना विचारा. पण सदका आहे, लिल्लाह आहे, कर्ज-ए-हसना आहे. मोहल्ल्यातल्या वीस तरुणांनी मिळून एक यादी करावी: कोणत्या घरी संडास नाही, कोणत्या घरी आहे पण बंद, कोणत्या घरी दार नाही. सरकारी अनुदान ज्यांना मिळू शकतं त्यांचे अर्ज भरावेत. ज्यांना मिळत नाही त्यांच्यासाठी वर्षाला दोन संडास उभे करावेत. यात क्रांती वगैरे काही नाही. दोन रविवारांचं काम आहे.

आणि रिश्त्याच्या वेळी बायोडाटात पगार, प्लॉट, गाडी विचारता, तेव्हा मुलीवाल्यांनी हेही विचारावं: घरात संडास किती, न्हाणीचं दार कुठे उघडतं, आणि मुलाला ब्रश धरता येतो का?

आमच्या घराचं काय झालं

नकाशा बदलला. आता दोन संडास, दोन न्हाण्या, चार वेगळी दारं. एक देशी, एक कमोडचा, अब्बांच्या गुडघ्यांसाठी, दांड्यासकट. दुसरी न्हाणी वहिनीच्या खोलीजवळ. खाली दोन शोषखड्डे. 'बाहेरच्यांसाठी' वेगळा काहीही नाही. जो घरात येईल तो घरातला वापरेल. धाकटा फोनवर नाराज झाला. त्याच्या मित्राच्या घरात पाच आहेत. मी त्याला म्हटलं, सुट्टीत आलास की पाळी लावू, सोमवार-गुरुवार तू, मंगळवार-शनिवार मी. त्यानंतर त्याने तिसऱ्या संडासाचा विषय काढलेला नाही.

चार संडासांचे वाचलेले पैसे सगळे पुण्याचे म्हणून मिरवणार नाही. बराचसा भाग स्लॅबमध्येच गेला. खालाच्या संडासापुरते बाजूला ठेवलेत, बिनव्याजी, तिला जमेल तसे परत. तिने आधी नको म्हटलं. अम्मी तिच्याकडे जाऊन आली, मग ती हो म्हणाली. दोघींचं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

घर अजून अर्धं आहे. पण मागच्या महिन्यात गेलो तेव्हा खालच्या संडासाचं काम पूर्ण झालं होतं. सिमेंटचे डाग उरले होते. मी ब्रश आणि ॲसिडची बाटली घेऊन आत बसलो. अम्मी दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, म्हणेल की राहू दे बेटा, मी करते. तिने तसं काही म्हटलं नाही. कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "उधर रह गया."